सहा लाख व्ह्यूज, अकराशे मतं

तू विचारलंयस ते थोडक्यात असं. मामेभाऊ जानेवारी 2026 च्या नवी मुंबई महापालिका निवडणुकीत कोपरखैरणेतून अपक्ष उभा होता. तरुण मतदार डोळ्यासमोर ठेवून त्याने एका एजन्सीला दोन लाख रुपये दिले. रील्स झाली, यूट्यूबवर जाहिराती झाल्या, दोन मीम पेजेसनाही पैसे गेले. एजन्सीने शेवटी सहा लाख व्ह्यूजचा रंगीत रिपोर्ट दिला आणि पेटीतून मतं निघाली अकराशेच्या आसपास. मग पैसे गेले कुठे, आणि पुढच्या वेळी तरुण मुलांपर्यंत जायचं तर कसं?

मी या धंद्यात 2009 च्या विधानसभेपासून आहे. तुर्भ्याला फ्लेक्स छापण्यापासून सुरुवात, मग बल्क एसएमएस, मग फेसबुक, आता रील्स. ठाणे आणि नवी मुंबईत पक्षांची कामं केली, अपक्षांचीही केली. त्यातले काही निवडून आले, काही सपाटून पडले. त्यामुळे तुझ्या मामेभावाला शहाणपण शिकवायला मी बसलेलो नाही. त्याने केलेली चूक मी 2015 च्या महापालिकेला केली होती. तेव्हा व्ह्यूज नव्हते, लाइक्स होते, एवढाच फरक.

आधी साधा भागाकार करू. नवी मुंबईत या वेळी 28 प्रभाग आणि 111 जागा होत्या, मतदार साधारण साडेनऊ लाख. म्हणजे एका प्रभागात सरासरी चौतीस हजार. सहा लाख व्ह्यूज त्या प्रभागातच मिळाले असते तर प्रत्येक मतदाराने, सेक्टरच्या बागेत बसणाऱ्या ऐंशीच्या आजोबांसकट, ते रील सतरा-अठरा वेळा पाहिलं असं झालं असतं. तसं असतं तर दूधवाल्यालाही त्यातले डायलॉग पाठ झाले असते. झाले होते का?

व्ह्यू म्हणजे माणूस नाही, ही पहिली गोष्ट. तेच रील त्याच फोनवर पुन्हा वाजलं तरी आकडा वाढतो. दुसरी गोष्ट जास्त महागात पडते. एजन्सीने व्ह्यूजची हमी दिली की ती ठिकाणाची पट्टी सैल सोडते, कारण नवी मुंबईतला व्ह्यू महाग आणि अख्ख्या महाराष्ट्रातला स्वस्त. जाहिरातीच्या मशिनला सांगितलंय ‘व्ह्यूज आण’, तर ते जिथे स्वस्त मिळतील तिथून आणणार. मग बीडचा कुणीतरी पोरगा रात्री दोन वाजता तुझ्या मामेभावाचं रील बघतो, आणि कोपरखैरणेत सेक्टर 15 मधल्या पोरीच्या फोनवर ते येतच नाही. माझ्या 2015 च्या पोस्टला सगळ्यात जास्त लाइक्स दुबईतून आले होते. उमेदवार खूश होता, ‘आपले लोक तिकडेही आहेत’ म्हणाला. मीही मान हलवली. पैसे घेतले होते ना.

बरं, समजा एजन्सी प्रामाणिक होती आणि तिने फक्त कोपरखैरणेच निवडलं. तरी अडचण सुटत नाही. मेटावर, म्हणजे फेसबुक-इन्स्टावर, नकाशात टाचणी टोचून वर्तुळ काढायचं तर लहानात लहान त्रिज्या एक मैल, म्हणजे 1.6 किलोमीटर. हे वर्तुळ भरतं आठ चौरस किलोमीटर. कोपरखैरणे स्टेशनवर टाचणी टोचलीस तर त्यात शेजारचे दोन-तीन प्रभाग येतात, ठाणे-बेलापूर रोडपलीकडची एमआयडीसी येते, समोरचं रिलायन्स कॉर्पोरेट पार्क येतं. वर मेटा ‘इथे राहणारे’ आणि ‘नुकतेच इथे येऊन गेलेले’ असे दोन गट वेगळे करू देत नाही. पूर्वी देत होतं, 2023 पासून दोन्ही एकत्रच. म्हणजे डोंबिवलीहून, कल्याणहून, पनवेलहून रोज नोकरीला येणारी बावीस-चोवीस वर्षांची हजारो पोरं-पोरी तुझ्या मामेभावाच्या पैशांवर त्याचं रील बघतात. त्यांच्या प्रभागात तो उभाच नाही.

गूगल आणि यूट्यूबचं गणित थोडं वेगळं. 2020 पासून गूगल निवडणुकीच्या जाहिरातींना फक्त वय, लिंग, पिनकोडपर्यंतचं ठिकाण आणि कुठल्या विषयाच्या व्हिडिओसोबत दाखवायचं एवढंच निवडू देतं. टाचणीभोवतीचं वर्तुळ तिथे चालत नाही. आता 400709 हा पिनकोड आणि तुझा प्रभाग यांच्या हद्दी एक नाहीत. पोस्टाने पिनकोड पाडले तेव्हा प्रभाग कुणाच्या डोक्यात नव्हते, आणि प्रभाग पाडणाऱ्यांना पोस्टाशी काही देणंघेणं नसतं. विधानसभेला हा घोळ बराच कमी होतो. ऐरोली किंवा बेलापूर मतदारसंघ इतका मोठा असतो की काठावरची गळती पचते. बेलापूरला 2024 मध्ये निकाल 377 मतांनी लागला होता, तिथे अशा जाहिरातीने दोनशे मतं इकडची तिकडे झाली असती तरी फरक पडण्यासारखा होता. प्रभागात मात्र तू गळक्या बादलीने पाणी भरतोयस.

आता मुद्द्याची गोष्ट, जी कुठलीही एजन्सी सांगणार नाही, कारण त्यात तिचं कमिशन नाही. तरुण मुलांपर्यंत जाहिरात पोचवणं हे काम आज कुणीही करतं. त्या मुलाचं नाव तुझ्या प्रभागाच्या यादीत आहे का, हे मात्र आधी बघावं लागतं. आपल्याकडे ते बऱ्याचदा नसतं.

कोपरखैरणे-घणसोली पट्ट्यात माथाडींची किती घरं आहेत ते तुला माहीतच आहे. सातारा, पाटण, जावळी, कोरेगावकडची माणसं. पोरगा जन्मला वाशीच्या हॉस्पिटलात, शाळा इथली, कॉलेज इथलं, बोलतो इथलं. पण अठरा पूर्ण झाल्यावर वडिलांनी नाव टाकलं गावच्या यादीत. का, तर ग्रामपंचायतीला भावकीत एक-एक मत मोजलं जातं. ‘माझं मत गावाला आहे’ हे वाक्य मी कोपरखैरणेत इतक्यांदा ऐकलंय की आता प्रचारात पोरांना पहिला प्रश्न तोच विचारतो. उलटही असतं. भाड्याने राहणारं कुटुंब घर परवडेना म्हणून उलव्याला नाहीतर तळोज्याला गेलं, पोरीचं नाव अजून इथेच आहे. तिच्या फोनला इथली जाहिरात दिसणारच नाही, कारण फोन उलव्यात आहे. आणि मत मात्र तुझ्या प्रभागात.

यावर उपाय रीलमध्ये नाही, यादीत आहे. मतदार यादीत प्रत्येक नावापुढे वय छापलेलं असतं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं, घर क्रमांक असतो. चार पोरं बसवून वयाचा रकाना बघत 18 ते 25 ची नावं वेगळी काढायची. तीन-चार रात्रींचं काम आहे, चहा-वडापाव धरून. त्यातून जो आकडा निघेल तो तुझा खरा तरुण मतदार. मी हे केलं तेव्हा जवळपास प्रत्येक वेळी उमेदवाराच्या डोक्यातल्या आकड्यापेक्षा तो बराच लहान निघाला. इमारतवार कागद केला की कळतं, कुठल्या सोसायटीत पाच नावं आहेत आणि कुठे पंचावन्न. पंचावन्न असलेल्या ठिकाणी माणूस पाठवायचा. पाच असलेल्या ठिकाणी जाहिरात पुरे.

तुमच्या प्रचारात अजून एक गंमत झाली असणार. एजन्सीने डिसेंबरात ‘अठरा पूर्ण? मग नाव नोंदवा आणि दादाला साथ द्या’ छापाचं काही चालवलं होतं का? बहुतेकांनी चालवलं होतं. या महापालिका निवडणुकीसाठी राज्य निवडणूक आयोगाने 1 जुलै 2025 ची विधानसभेची यादी धरली होती. ऑगस्टमध्ये अठरा पूर्ण झालेल्या पोरीने डिसेंबरात फॉर्म भरला तरी जानेवारीत तिला मतदान नव्हतं. म्हणजे पैसे देऊन एका मुलीला आधी हुरूप दिला आणि मग बूथवरून परत पाठवलं. ती तुमच्यावर चिडली असेल तर तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. नाव नोंदणीला आता वर्षातून चार तारखा असतात, 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै आणि 1 ऑक्टोबर, आणि सतरा पूर्ण झालेल्यांना आगाऊ अर्ज करता येतो. नवीन नावासाठी फॉर्म 6, पत्ता बदलला तर फॉर्म 8. हे काम निवडणूक जाहीर व्हायच्या किमान सहा महिने आधीचं. तेव्हा कुणी जाहिरात करत नाही, म्हणून तेव्हाच केली तर स्वस्तात होते.

वेळेचाही हिशोब बघ. चिन्हं मिळाली 3 जानेवारीला, जाहीर प्रचार संपला 13 तारखेला. पक्षाच्या उमेदवाराला चिन्ह आधीपासून असतं, अपक्षाच्या हातात पुरते दहा दिवस. मेटाची यंत्रणा एखादी जाहिरात कुणाला दाखवावी हे शिकायला साधारण आठवडा घेते. म्हणजे ती शहाणी होईपर्यंत प्रचार संपत आलेला असतो. त्यातून या वेळी नवी मुंबईत पहिल्यांदाच पॅनेल होतं, एक प्रभाग सोडला तर चार-चारचं. 2015 ला एक वॉर्ड, एक नगरसेवक, एक बटण. या वेळी अ, ब, क, ड अशा चार जागा, चार मतं, प्रत्येक जागेच्या मतपत्रिकेचा रंग वेगळा. पहिल्यांदा मत देणाऱ्या मुलाला हे कुणी समजावलं? तू लिंक पाठवलेली तीन रील्स मी पाहिली. गाडीतून गॉगल लावून उतरणं आहे, ड्रोनने वरून घेतलेला रस्ता आहे, शंभर पोरं मागे चालतायत, मागे ढोल आहे. तो ‘क’ जागेवर उभा होता, पण ‘क’ जागा हा शब्द एकातही नाही. चिन्ह शेवटच्या दोन सेकंदांत येतं, तेही तिरकं. अरे, पोरगा बूथपर्यंत आला असता तरी त्याने बटण कुठलं दाबायचं?

गाडीतून उतरायची ही हौस कुठून आली माहीत नाही. ‘भावी नगरसेवक’ असा बॅनर लागला की लगेच स्लो मोशन लागतो. वीस वर्षांच्या पोराला त्यात हसू येतं, आणि तो ते रील मित्राला पाठवतो ते हसायलाच. तुझ्या सहा लाखांत त्या व्ह्यूजचाही वाटा असणार.

मग चालतं काय? ठाण्यातला एक अनुभव सांगतो. वागळे इस्टेटच्या बाजूला एक मैदान. पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं पहाटे तिथे पळायला यायची आणि गेट बंद असायचं. रोज साडेपाचला गेटवरून उड्या. त्यांच्यातल्याच एकाने फोनवर बावीस सेकंदांचा व्हिडिओ काढला होता, अंधारात, हलता, आवाज म्हणजे फक्त धापा आणि कुणीतरी ‘सांभाळ रे, टोक आहे’ म्हणतंय. आमचा उमेदवार चार दिवस पहाटे तिथे जाऊन उभा राहिला, अर्ज दिला, पाठपुरावा केला, गेट उघडायला लागलं. पाचव्या दिवशी त्याच मुलाने उघड्या गेटमधून पळतानाचा व्हिडिओ काढला. आम्ही दोन्ही एकाला एक जोडले, खाली मराठीत दोन ओळी, बस. त्यावर सगळे मिळून आठ हजार रुपये खर्च केले, तेही फक्त आजूबाजूच्या परिसरात. व्ह्यूज काही लाखांत गेले नाहीत. त्यातून मतं किती आली हे कुणीच मोजू शकत नाही, आणि मोजल्याचं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नकोस. पण मतदानाच्या दिवशी त्या मैदानावरची पंधरा-वीस पोरं आमच्या टेबलांवर स्लिपा लिहायला बसली होती. त्यांना कुणी पैसे दिले नव्हते. उन्हात दिवसभर बसली, आणि त्यांच्या वर्गातल्या, गल्लीतल्या पोरांना फोन करून ‘ये ना, दोन मिनिटांचं काम आहे’ म्हणत होती.

तेव्हापासून प्रभागाच्या निवडणुकीत तरुणांसाठीच्या जाहिरातीकडून मी मतं मागतच नाही. हात मागतो. वीस पोरं मिळाली तर पैसे वसूल. त्या वीस जणांच्या फोनमध्ये जी माणसं आहेत ती तुझ्याच प्रभागातली आहेत, हे ना मेटाला जमतं ना गूगलला. जाहिरातीच्या शेवटी ‘बहुमताने विजयी करा’ लिहिण्यापेक्षा ‘रविवारी सकाळी सातला सेक्टर 12 च्या मैदानावर भेटू’ लिहून बघ. किती आले ते डोळ्यांनी मोजता येतं.

माध्यमांबद्दल थोडक्यात. इन्स्टावर आवाज बंद ठेवून बघणारे खूप असतात. ट्रान्सहार्बर लोकलच्या डब्यात उभं राहून आजूबाजूचे फोन बघ, पटेल. म्हणून अक्षरं मोठी आणि बोलण्यातली मराठी. गावठाणातला पोरगा आगरीत बोलतो तर त्याला आगरीतच बोलू दे, ‘मी आपणांस विनंती करतो’ नको. यूट्यूबच्या स्किप करता येणाऱ्या जाहिरातीचे पैसे साधारणपणे तीस सेकंद किंवा पूर्ण बघितल्यावरच लागतात, तेव्हा नाव, जागा आणि चिन्ह पहिल्या पाच सेकंदांत सांगितलंस तर स्किप करणाऱ्यालाही फुकटात सांगून झालं. सिनेमाचं गाणं मागे लावू नकोस, आवाज कापला जातो आणि ऐन प्रचारात मुका उमेदवार फिरतो. व्हॉट्सअ‍ॅपवर पक्षांना आणि उमेदवारांना व्यावसायिक संदेशसेवा वापरायला कंपनीचीच मनाई आहे; जो कुणी ‘एक लाख व्हॉट्सअ‍ॅप ब्लास्ट’ विकतो तो कधीही बंद पडणाऱ्या नंबरांवरून विकतो. सोसायटीच्या ग्रुपवर पोरं असतात, पण म्यूट करून. तिथे वाचते आई. आणि पोराला ‘उठ, आधी मत देऊन ये’ म्हणून उठवतेही आईच, तेव्हा त्या ग्रुपला कमी लेखू नकोस.

मीम पेजेसबद्दल माझं मत वाईट आहे. काल वाशीच्या मिसळीचं कौतुक, आज दादाचं, उद्या परत मोमोज. पोरांना लगेच कळतं की पैसे पोचलेत. रोख दिलेस तर हिशोबात दाखवणार कसं, हा प्रश्न वेगळाच.

हिशोबावरून नियमांकडे येतो, कारण इथे तरुण कार्यकर्ते हमखास फसतात. महापालिकेला नवी मुंबईत उमेदवाराची खर्चमर्यादा 11 लाख होती, ठाण्यात 13 लाख. विधानसभेला 40 लाख. डिजिटल जाहिरात, ती बनवणाऱ्याचे पैसे, पेजेसना दिलेले पैसे सगळं यात धरायचं आणि निकालानंतर 30 दिवसांत हिशोब द्यायचा. तू ‘मी माझ्या खिशातून दादाचं रील बूस्ट केलं’ म्हणालास ना, ते प्रेमाने केलंस, पण उमेदवाराच्या लेखी परवानगीशिवाय त्याच्या प्रचारावर खर्च करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 176 खाली गुन्हा आहे. जुन्या कायद्यात दंड पाचशे रुपये होता, आता दहा हजारांपर्यंत. पुढच्या वेळी आधी कागद घे.

पैसे देऊन चालवलेली राजकीय जाहिरात आधी प्रमाणित करून घ्यावी लागते. लोकसभा-विधानसभेला जिल्ह्याची माध्यम प्रमाणन समिती असते, पक्ष आणि उमेदवारांनी किमान तीन दिवस आधी अर्ज करायचा. 2013 पासून समाजमाध्यमांवरच्या जाहिरातीही त्यात आहेत. महापालिकेला राज्य निवडणूक आयोगाचे स्वतःचे आदेश असतात, ते अर्ज भरायच्या दिवशीच मिळवून वाचायचे. दहा दिवसांच्या प्रचारात प्रमाणपत्रासाठी दिवस गेले तर उरतं काय, ते तूच बघ. ‘आज वातावरण बघून उद्या नवीन रील टाकू’ हे पैसे भरलेल्या जाहिरातीत जमत नाही. स्वतःच्या पेजवर साधी पोस्ट टाकायला अशी अडचण नाही.

मेटावर राजकीय जाहिरात करणाऱ्याला ओळखपत्र देऊन परवानगी घ्यावी लागते आणि जाहिरातीवर पैसे कुणी दिले ते नाव दिसतं. हे काम दोन दिवसांतही होतं, तीन आठवडेही लागतात. घाईत एका प्रचारात आमच्या एजन्सीवाल्याने ऑफिसातल्या एका पोराच्या नावाने ते करून टाकलं. झालं, प्रत्येक जाहिरातीवर त्या पोराचं नाव. विरोधकांनी स्क्रीनशॉट काढून विचारलं, ‘हा कोण, आणि याच्याकडे एवढा पैसा कुठून?’ तो बिचारा पंधरा हजारांवर नोकरी करणारा, घरी आई रडायला लागली. ही सगळी जाहिरात मेटाच्या अ‍ॅड लायब्ररीत सात वर्षं राहते. तुझ्या मामेभावाचं गॉगलवालं रील 2033 च्या जानेवारीपर्यंत कुणीही काढून बघू शकतं, खर्चाचा अंदाज आणि बघणाऱ्यांच्या वयोगटासकट. आणि तुम्हीही विरोधकांचं बघू शकता. प्रचार सुरू होण्याआधी एक संध्याकाळ त्यावर घालवावी, फुकट शिकवणी आहे.

एआयने केलेला आवाज, चेहरा, चित्र वापरायचं असेल तर ते ठळक लिहा. भारत निवडणूक आयोगाने ऑक्टोबर 2025 मध्ये अशा मजकुरावर दिसणाऱ्या भागाच्या किमान 10 टक्के जागेत लेबल सांगितलंय, आवाज असेल तर सुरुवातीच्या 10 टक्के वेळात. कुणा दिवंगत नेत्याच्या आवाजात आशीर्वाद वगैरे करायला मुलं फार उत्सुक असतात. मी करू देत नाही. लेबलाचा प्रश्न नंतरचा, आपल्याकडे त्या माणसाला ओळखणारी माणसं अजून गल्लीत बसलेली असतात.

राहिला नंबरांचा बाजार. तुला कुणीतरी ‘कॉलेजच्या पोरांचा डेटा’ देऊ केला आणि तू घेतला नाहीस, हे फार बरं केलंस. क्लासेसच्या याद्या, मोबाइल दुकानातल्या याद्या, सगळं मिळतं, आणि निम्मे नंबर मेलेले असतात. उरलेल्यांत एक असा लागतो की पलीकडून आई विचारते, ‘माझ्या मुलीचा नंबर तुम्हाला कुणी दिला?’ याला उत्तर नसतं. मी ते ऐकलंय, म्हणून सांगतो. शिवाय 2023 च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आलेत आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर 18 महिन्यांनी लागू होतायत. संमतीशिवाय उचललेला डेटा यापुढे महाग पडणार. अठरा वर्षांखालच्यांना लक्ष्य करून जाहिरात करायला तर त्या कायद्यात थेट मनाई आहे.

आणि हा शेवटचा मुद्दा तुझ्या मामेभावासाठी सगळ्यात कामाचा आहे. पुढची महापालिका ठरल्या वेळी झाली तर 2031 ला. त्या वेळी पहिल्यांदा मत देणारी पोरं आज तेरा वर्षांची आहेत. सातवी-आठवीत. त्यांना आज जाहिरात दाखवता येत नाही, दाखवूही नये. पण ती आज सेक्टरच्या मैदानावर क्रिकेट खेळतायत, गणपतीत ढोल वाजवतायत, गोविंदा पथकात वरच्या थरावर चढतायत. त्यांच्या मैदानात पार्किंग झालं तर कोण बोललं आणि कोण गप्प बसलं हे त्यांना नीट लक्षात राहतं. मामेभावाला खरंच पुन्हा उभं राहायचं असेल तर दोन लाखांतले दीड लाख त्याने पुढच्या चार वर्षांत अभ्यासिकेच्या दिव्यांवर आणि मैदानाच्या नेटवर घालवावेत, स्वतःच्या नावाची पाटी न लावता. उरलेले पन्नास हजार शेवटच्या दहा दिवसांत. त्यातलेही निम्मे ‘क जागा, हे चिन्ह, हा रंग’ एवढंच सांगणाऱ्या सहा सेकंदांच्या जाहिरातीवर.

तूर्तास एक काम कर. एजन्सीकडून रिपोर्ट नको, जाहिरात खात्यातला ठिकाणवार आणि वयोगटवार तक्ता माग. खातं मामेभावाच्या नावाने असेल तर तूच उघडून बघू शकतोस. त्यांच्या नावाने असेल तर ते टाळाटाळ करतील, ‘सर, आम्ही पीडीएफ देतो’ म्हणतील. पीडीएफ घेऊ नकोस, समोर बसून स्क्रीन बघ. आणि मिळालं की मला पाठव, मलाही बघायचंय त्या सहा लाखांतले कोपरखैरणेचे किती निघतात.